काचेखालचे

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
दुपारी दोनला शटर अर्धं खाली,
कूलरचं पाणी संपत आलेलं
आणि पडद्यावर बाणाच्या अंगात वारं.

मी त्याला नेते कानाच्या पाळीशी,
तो उडी मारून बसतो बागेच्या कुंपणावर.
ब्रश उचलावा तर उचलतच नाही, ओढत राहतो
एक लांब पांढरी रेघ
दोन सख्ख्या भावांच्या मधून.

काम तसं साधंच.
सोनबाजी निखारे सकाळी फोटो ठेवून गेले :
अंबाझरीच्या बागेतला, शहाऐंशी सालचा,
एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.
"डावीकडल्याले काढून टाका, बाई.
मांगं झाडं आहेत, झाडंच भरून द्या."
हातातल्या पिशवीत कोर्टाच्या फायली,
पिशवीवर साड्यांच्या दुकानाचं नाव.
मी विचारलं नाही. आम्ही विचारत नाही.
विचारतो ते फक्त मॅट की ग्लॉसी.

माऊस उलटा करून फुंकर मारली.
पोटातून एक केस निघाला, माझाच.
भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्याला घातला,
तेव्हापासून घड्याळात सव्वादोन.
पोर्ट बदलला. पेनाची पाटी सोडवून ठेवली,
एकाच बाणावरून दोघांत भांडण लागतं म्हणतात.
ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला.
कौसरला फोन केला, तो म्हणाला रीस्टार्ट मार.
मोटरीचा त्रास असेल म्हणून कूलर बंद केला.
बाण तसाच. वर घाम.

चारला निखारे आले. स्टुलावर बसून
माझ्या हाताकडे पाहत राहिले, पडद्याकडे नाही.
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस.
"धोटा असाच उडते, बाई. धोट्यात खोट नसते.
तो ज्याच्यावरून धावते ते पाहा."

टेबलावर काच आहे. काचेखाली
न नेलेले पासपोर्ट फोटो, वर्षानुवर्षांचे :
होमगार्डचा फॉर्म भरायचा राहिलेला पोरगा,
टिकली तिरपी आली म्हणून रुसलेली एक,
डोळे मिटलेले तिघे.
माऊसचा लाल दिवा दिवसभर
त्यांच्या तोंडावरून फिरत होता,
कुणाच्या मिशीत अडखळत,
कुणाच्या भांगात वाट चुकत.
एक जुनी लग्नपत्रिका उलटी करून ठेवली.
बाण सुतासारखा सरळ.

आता सबब उरली नाही.
वीस मिनिटांत डावीकडे झाडं उगवली.
चेहरा गेला, चप्पल गेली, सावली सगळ्यात शेवटी.
राहिला खांद्यावरचा हात.
हाताखाली काय होतं ते फोटोलाही माहीत नाही.
बाहीवरची चौकडी उचलून
खांद्यावर ठेवत गेले, बोट बोट.

प्रिंट त्यांनी उजेडात धरला.
चेहरा पाहिला नाही, झाडं पाहिली नाहीत.
खांद्यावर नख टेकवलं. "इथं तार चुकली."
मला दिसेना. चारशे टक्क्यांवर दिसली :
एक निळी आडवी रेघ
निघाली होती, पोचली नव्हती.
"करून देते," मी म्हटलं.
ते नख तिथंच.
"हे कापड मोत्याच्या मागावरचं.
त्याच्या हातून नसती चुकली."

साठ रुपये दिले, सुट्टे.
प्रिंट फायलींच्या पिशवीत गेला.
जुना फोटो काउंटरवरच राहिला,
विसरले की कसं, आम्ही विचारत नाही.

काच उचलून मी तो आत सरकवला,
वर पत्रिका.
ती हलली की बाण अजून मधेच थबकतो,
मी पत्रिका नीट करते, पुढचं काम घेते.

घड्याळाला सेल आणायचा आहे.